भीमगडचे पर्यटन: गावासाठी की गावावाचून?

कणकुंबीवासी: बेळगाव जिल्ह्यात भीमगड अभयारण्यालगतच्या जांबोटी ते चोर्ला या पट्ट्यात शेती परवडत नाही, म्हणून जमिनी रिसॉर्टवाल्यांना विकून गावे वाचवावीत, असे शहापूरकरांनी काल लिहिले. ते वाचून गप्प राहवेना. आमच्या कणकुंबीत मलप्रभा नदीच्या उगमापाशी पावसाळ्यात ज्या हिरवाईचे फोटो काढायला लोक येतात, ती भातखाचरे शेतकऱ्यांनीच राखलेली आहेत. आमच्या शेजारची नाचणीची जमीन विकली गेली, तिला तारेचे कुंपण पडले आणि गुरांची पाणंद बंद झाली. मालक सुट्टीपुरता येतो. याला गाव सावरणे म्हणायचे का?

शहापूरकर: पाणंद अडवणे चूकच. पण पोरे गोव्याच्या हॉटेलांत राबायला जात असतील, तर बांध घालणार कोण? माझा चुलतभाऊ तिथे जे काम करतो, तेच त्याला स्वतःच्या घरी करता आले, तर बिघडले कुठे?

हेम्माडग्याची सून: आपण दोघेही रस्त्याकडेच्या गावांबद्दलच बोलत आहात. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य झाले. आतल्या गावांना अजून धड रस्ता नाही. माझ्या सासूबाईंना भर पावसात खाटेवर घालून आणले, तेव्हा खांदेकऱ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतत होते. आता अभयारण्यातल्या तळेवाडीच्या कुटुंबांना प्रत्येकी 15 लाख रुपये देऊन बाहेर आणले जात आहे. उद्या त्याच रानात पर्यटकांच्या जीपगाड्या फिरल्या, तर आम्ही काय समजायचे?

शहापूरकर: विषय पर्यटनाचा आहे, पुनर्वसनाचा नाही. मुलांच्या शाळेसाठी कुणी राजीखुशीने बाहेर पडत असेल, तर त्याला अडवणारे आपण कोण?

हेम्माडग्याची सून: राजीखुशी कसली! आधी रस्ता, शाळा आणि दवाखाना द्या, मग विचारा. बारापेडे गुहेतले रॉटनचे वटवाघूळ दुर्मिळ आहे, तिथे माणसाने जाऊ नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण रानातला मध, गुरांची चराई आणि देवाचे ठिकाण यांचा हिशेब 15 लाखांत कसा बसवला, हे कुणी सांगत नाही.

कणकुंबीवासी: ताईंचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. शहापूरकर, घरच्या घरी पाहुणे ठेवून चार पैसे मिळवण्याला माझा विरोध नाही, जमीन विकण्याला आहे. ग्रामसभेला विचारल्याशिवाय एक गुंठाही बिगरशेती होऊ नये.

शहापूरकर: विक्रीऐवजी भाडेपट्टा असावा, एवढे नाइलाजाने मान्य करतो. पण पोरीच्या लग्नाला पैसे लागतील, तेव्हा ते ग्रामसभा देणार आहे का?