एटीपी फायनल्समध्ये साखळी हवीच कशाला?

बेसलाइनवाला: ‘साखळीमुळेच ही स्पर्धा वर्षातली खरी कसोटी ठरते,’ असं काल इथे कुणीतरी लिहिलं. राहवलं नाही म्हणून लिहितोय. वर्षअखेरची ही टेनिस स्पर्धा: आठ खेळाडू, चार-चारचे दोन गट, गटात प्रत्येकाशी एक सामना आणि पहिले दोघे उपांत्य फेरीत. 2023, ट्युरिन. साखळीत सिनरने जोकोविचला तीन सेटमध्ये हरवलं. अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोघे. जोकोविच 6-3, 6-3 जिंकला, करंडक त्याचा. बाद फेरी असती तर पहिल्या पराभवालाच त्याने बॅग भरली असती. हरलेल्याला दुसरी संधी कशासाठी?

दुसरी सर्व्हिस: काल मीच लिहिलं होतं. वर्षभर राबून आठ जण येतात, त्यातले चार एका वाईट संध्याकाळी बाहेर? 2009 मध्ये दाविदेन्को पहिलाच सामना जोकोविचकडून हरला. पुढे नदाल, सोडरलिंग, फेडरर, देल पोत्रो, सगळ्यांना हरवून विजेता. त्याची लायकी नव्हती?

बेसलाइनवाला: त्याच वर्षीचा दुसरा गट सोयीस्कर विसरलात. फेडरर, मरे, देल पोत्रो तिघांचे दोन-दोन विजय, सेटही सारखेच. शेवटी गेम मोजले आणि एका गेमसाठी मरे बाहेर. ज्याने देल पोत्रोला हरवलं तो घरी, देल पोत्रो अंतिम फेरीत! हा खेळ की हिशेबाची वही?

जाळीपाशी: हे मी भोगलंय. क्लबच्या साखळीत दोन सामने जिंकून जाळीबाहेर बसलो होतो. कोर्टवरचा एक जण आधीच पुढे गेलेला. दुसऱ्या सेटमध्ये हाताशी आलेल्या चेंडूंनाही तो धावेना. तो हरला, मी बाहेर. महिनाभर रॅकेटला हात लावला नाही.

दुसरी सर्व्हिस: वाईट झालं, पण दोष त्या माणसाचा. 2023 लाच सिनर रूनशी खेळण्याआधी उपांत्य फेरीत पोचला होता. हरला असता तर रून पुढे गेला असता आणि जोकोविचचा काटा परस्पर निघाला असता. तरी 6-2, 5-7, 6-4 झुंजला.

पाचवा सेट: साखळी राहू द्या हो. खरं नुकसान 2008 पासून अंतिम सामना पाच सेटांवरून तीन सेटांवर आणल्याने झालं. शांघाय, 2005: नालबंदियन दोन्ही टायब्रेक (सेट 6-6 झाल्यावरचा निर्णायक गेम) हरून फेडररच्या दोन सेट मागे. तिथून पाचव्या सेटच्या टायब्रेकवर जिंकला. आज तो दुसऱ्या सेटनंतर हस्तांदोलन करून निघाला असता.

दुसरी सर्व्हिस: आठवड्यात चार सामने खेळून वर पाच सेट? वर्षअखेरीला पाय कुठून आणायचे?

पाचवा सेट: 2005 मध्येही चारच खेळून आले होते! दम नसेल तर आठात येऊ नये.

बेसलाइनवाला: असं बोलायला कोर्टवर उभं राहावं लागत नाही. सिनर-रूनचं मान्य, तो झुंजला. मरेचं उत्तर मात्र अजून कुणी दिलेलं नाही.

दुसरी सर्व्हिस: नाही माझ्याकडे. तिथे आपसातला निकाल आधी धरायला हवा होता… पण तिघांनीही एकमेकांना हरवलंय, मग कुणाचा धरायचा?