गुऱ्हाळाच्या जनरेटरवर चरक चालू करताना व्होल्टेज कोसळतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. लाईट गेली की सगळं ६२.५ केव्हीएच्या जनरेटरवर चालतं. चरकाला, म्हणजे ऊस पिळायच्या यंत्राला, ३० एचपीची मोटर आणि स्टार-डेल्टा स्टार्टर आहे (मोटर आधी ‘स्टार’ जोडणीत कमी करंटावर सुरू होते, मग टायमर तिला ‘डेल्टा’त, पूर्ण व्होल्टेजवर टाकतो). शिवाय रसाचा २ एचपीचा पंप, बोअरचा ५ एचपीचा आणि दिवे.

स्टारमध्ये व्होल्टेज ४१५ वरून ३६० वर येतं, तेवढं चालतं. पण आठ सेकंदांनी डेल्टा पडला की काटा २७० ला जातो, दिवे मिणमिणतात आणि पंपांचे कॉन्टॅक्टर (चालू-बंद करणारे विजेचे स्विच) सुटतात. इंजिनाचा आवाज मात्र फारसा दबत नाही. चुलवाणातला जाळ काही बटण दाबून थांबत नाही. परवा पंप बंद पडला आणि अर्धं भरलेलं रसाचं आधण काहिलीला (मोठ्या कढईला) लागलं. वडील आणि गूळ बनवणारा गुळव्या दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

मेकॅनिक म्हणतात १२५ केव्हीएचा घ्या. मला पटत नाही. चरक वेगात आला की ४० अँपिअरच्या आसपास घेतो, जनरेटर ८७ अँपिअर देऊ शकतो. सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू वाढवणारा) बसवू की व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह)? हंगाम सुरू आहे, लवकर सांगा.

उत्तर:
भावा, लाईट जाते तेव्हा ऊस रोलरमध्येच अडकलेला असतो ना? स्टारमध्ये मोटरचा जोर एक तृतीयांश, त्यात व्होल्टेज उतरलं की वर्गाच्या प्रमाणात आणखी कमी. मग मोटर वेग घेतच नाही, आणि तशातच डेल्टा पडला की २०० अँपिअरच्या वर ओढते. हा करंट कमी पॉवर फॅक्टरचा, म्हणजे त्यात खरं काम करणारा भाग थोडा, म्हणून इंजिन दबत नाही. दम अल्टरनेटरचा, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाचा, सुटतो. त्याचा एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारं सर्किट) आउटपुटवरूनच वीज घेत असेल तर नेमक्या वेळी तोही ढिला पडतो.

आधी रोलर मोकळे करून बघ. टायमर आठवर ठेवू नकोस, स्टारमध्ये अँपिअर खाली आल्यावरच डेल्टा पडू दे. चरक आधी, पंप नंतर. सॉफ्ट स्टार्टरही जोर कमीच करतो, अडकलेल्या चरकाला त्याचा उपयोग नाही. व्हीएफडी कमी करंटात जोर देतो, पण इनपुट चोक (वीज आत येते तिथली कॉइल) लावूनच घे, नाहीतर एव्हीआर गडबडतो.

धागाकर्ता:
हो दादा, ऊस अडकलेलाच असतो! उद्या पहाटे रोलर मोकळे करून चालू करतो आणि अँपिअर टिपून इथे टाकतो.