मदत हवी आहे : जुन्या स्मोक डिटेक्टरची ओळख पटवायची आहे

नमस्कार. सांगलीतल्या आमच्या घरी माळा आवरताना, काकांनी अमेरिकेहून परतताना आणलेला, पिवळट पडलेला एक गोल स्मोक डिटेक्टर सापडला. माझ्या संग्रहातला हा तिसरा. लेबलवरचे कंपनीचे नाव पुसले गेले आहे, मात्र किरणोत्साराचे तीन पाकळ्यांचे चिन्ह आणि ‘अमेरिशियम २४१, १ मायक्रोक्युरी’ (किरणोत्सारी मूलद्रव्य आणि त्याच्या किरणोत्साराचे माप) एवढे वाचता येते, त्यामुळे तो प्रकाशावर चालणारा नसून आयनीकरण पद्धतीचा (किरणोत्साराने हवेतले कण विद्युतभारित करून धूर ओळखणारा) आहे, हे नक्की. अमेरिशियमच्या या समस्थानिकाचे (प्रकाराचे) अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ, सुमारे ४३२ वर्षे असल्याने (बॅटरी केव्हाच संपली, हे मात्र अजून ताजेच!) आतली धातूची डबी मी उघडलेली नाही. कवचाच्या घडणीवरून किंवा बॅटरीच्या खाचेवरून निर्माता आणि साल कसे ठरवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.