१६०० मीटर ५:५० च्या खाली येईना, मदत हवी आहे

भरती_यंदाच
पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० चं टायमिंग ५:५० वर अडकलंय. दोन महिने झाले, सेकंदभर कमी होत नाही. पूर्ण २० मार्कांना ५:१० लागतात. दर तीन आठवड्यांनी सराव तुटतो, परत सुरू केला की पहिले पाढे पंचावन्न. मागच्या वेळी थोडक्यात गेलं. काय करू, लवकर सांगा.

घाटवाट_सातारा
सराव तुटतो का? आठवडाभर काय काय धावतोस? वय, शूज, ग्राउंड काहीच लिहिलं नाहीस.

भरती_यंदाच
वय २४. रोज १६०० फुल ताकदीने मारतो, रविवारी सुट्टी. नडगी दुखायला लागते म्हणून बंद पडतं. चार-पाच दिवस बसलो की कमी होतं.

घाटवाट_सातारा
तिथेच चुकतंय. रोज परीक्षा दिलीस तर अभ्यास कधी करणार? ५:१० म्हणजे ४०० चा राऊंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. तू साडेसत्त्याऐंशीने पळतोयस. मंगळवारी ४०० चे सहा, प्रत्येक ८०-८२ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालायचं. शुक्रवारी २०० चे दहा. बाकी तीन दिवस पाच किलोमीटर, गप्पा मारता येतील अशा वेगाने. फुल १६०० पंधरा दिवसांतून एकदाच.

तालीम_मिरज
हे चार्ट नंतर. आधी पाय तयार कर. रोज २०० बैठका, १०० जोर, ५१ सूर्यनमस्कार. माझा पुतण्या एवढ्यावरच भरती झाला.

घाटवाट_सातारा
दादा, नडगी दुखतेय त्याला एकदम २०० बैठका सांगू नका.

तालीम_मिरज
अविनाश साबळे मांडव्याहून सहा किलोमीटर शाळेत जायचे-यायचे. तेव्हा कुठला चार्ट होता?

घाटवाट_सातारा
तो पाया झाला. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत ३००० मीटर धावायची शर्यत, त्यांनी सैन्यात गेल्यावर धरली, कोचच्या हाताखाली. २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ लागले, ते मोजूनमापून केलेल्या सरावाचं फळ आहे.

माणदेशी
साबळेंचं नाव निघालं की आमच्या मोहीच्या ललिता बाबर मागे राहतात. २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या फायनलला होत्या. माणच्या पोरींनी ते बघून पळायला सुरुवात केली.

गोळा_८५०
१६०० च्या नादात गोळा सोडू नका. ७.२६० किलोचा गोळा मानेला टेकवून ढकलायचा असतो, बरेच जण चेंडूसारखा फेकतात आणि खांदा घालवून बसतात. साडेआठ मीटरला १५ मार्क आहेत.

खाकी_ताई
मी खात्यात आहे, दोन भरत्या देऊन आले. भावा, नडगी अंगठ्याने दाबून बघ. वीतभर पट्टा दुखतो की बोटाएवढी एकच जागा? झोप किती होते? आणि ग्राउंड कुणी मोजलंय?

भरती_यंदाच
एकच जागा. आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर. हल्ली रात्रीही ठणकते. कंपनीत सेकंड शिफ्ट आहे, घरी यायला साडेबारा होतात, साडेचारला ग्राउंडवर. शाळेचं ग्राउंड आहे, २०० चं. आठ राऊंड मारतो. मोजलं नाही, सगळे २०० च धरतात.

खाकी_ताई
मग आजपासून धावणं बंद. हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीला ती एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी हाडांच्या डॉक्टरांना रात्रीचं ठणकणं आणि रोजचं धावणं दोन्ही सांग. माझ्या बॅचच्या मुलीने दुखणं लपवलं आणि ऐन ग्राउंडच्या दिवशी तिला तिसऱ्या राऊंडला बसावं लागलं. ती लायनीत माझ्या पुढे होती, अजून डोळ्यांसमोर येते. आणि चार तास झोपेवर हाड भरून येत नाही. सराव शिफ्टच्या आधी, सकाळी नऊला ठेव. ऊन लागेल, पण झोप होईल.

तालीम_मिरज
ताईंचं बरोबर आहे. ठणकतंय तोवर बैठका नकोत.

भरती_यंदाच
गवंड्याची ३० मीटरची टेप आणली. मित्राने एक टोक धरलं, चुन्याच्या कडेने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा २१४ भरलं.

घाटवाट_सातारा
म्हणजे आठ राऊंडला १७१२ मीटर! त्याच वेगाने १६०० ला ५:२७ होतात. अरे, चाळीस नाही, सतराच सेकंद काढायचे आहेत. दोन महिने उगाच जीव जाळलास.

भरती_यंदाच
खरंच माहीत नव्हतं. आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. सोमवारी डॉक्टरांकडे नंबर लावलाय. तोवर सायकल चालवू का?

खाकी_ताई
सोमवारपर्यंत काहीच नको. तिथे सायकलचंही विचार, पायऱ्या उतरताना दुखतं का तेही आठवणीने सांग. आणि आज शिफ्टवरून आलास की गजर लावू नकोस.