युद्धाच्या काळातलं फर्ग्युसन: तुमच्या घरातल्या आठवणी लिहा

बाबांच्या ट्रंकेत त्यांची १९४४ ची केमिस्ट्रीची वही सापडली. प्रत्येक पान आधी पेन्सिलीनं भरलंय, मग तेच पान आडवं धरून त्यावर शाईनं लिहिलंय, कारण कागदच मिळत नव्हता. शिकले फर्ग्युसनला पण परीक्षा मुंबई युनिव्हर्सिटीची, पुणे विद्यापीठ निघालं १९४९ ला. वहीच्या शेवटी वारांचं टाइमटेबल आहे, त्यातले दोन वार खोडलेत. विचारायचं राहून गेलं सगळं. ज्यांच्या घरी कुणी त्या काळात फर्ग्युसनला होतं त्यांनी प्लीज लिहा, ६२, ६५, ७१ च्या आठवणी असतील तर त्याही.

*

माझी आजी शनिवार पेठेतून लकडी पुलावरून चालत यायची. १ सप्टेंबर १९४२ ला सरकारनं सगळी घड्याळं एक तास पुढे केली ना, ते ऑक्टोबर १९४५ पर्यंत तसंच होतं. म्हणजे थंडीत सूर्य उगवायचा आठच्या पुढे आणि हिचं प्रॅक्टिकल साडेसातला, घरातून निघायची ती अंधारातच, पुढे धाकटा भाऊ कंदील घेऊन. पणजीनं देवघरातलं घड्याळ काही बदललं नाही, पूजा जुन्या टाइमानं आणि कॉलेज नव्या टाइमानं, एकाच घरात दोन वेळा. सुट्टे पैसे मिळायचे नाहीत, मग मधे भोक असलेला तांब्याचा पैसा आला १९४३ ला, तो मुली दोऱ्यात ओवून ठेवायच्या. आजीची ती माळ अजून माझ्याकडे आहे, सात पैसे.

*

आमचे मोठे काका ४२ च्या चळवळीत पकडले गेले, येरवड्याला दीड वर्ष. ९ ऑगस्टला गांधीजींना मुंबईत पकडून इथे आगाखान पॅलेसमध्ये आणलं, तेव्हापासून पोरांचं वर्गात लक्षच नव्हतं म्हणायचे. सुटून आले तोवर धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील, त्यांच्याच वर्गात आलेला! दोघं एका बाकावर बसायचे, पुस्तकांचा एकच सेट. तुरुंगाबद्दल काका आयुष्यभर फार बोलले नाहीत, एवढंच सांगायचे की बाहेर आलो तेव्हा इंटिग्रेशन पार विसरलो होतो आणि एका सरांनी दोन महिने रोज संध्याकाळी घरी बोलवून शिकवलं, एक पैसा घेतला नाही. सरांना सरकारी रोष ओढवू शकला असता. काकांच्या देवघरात त्या सरांचा फोटो होता.

*

इथे कुणी जेवणाचं लिहिलं नाही म्हणून लिहिते. आजोबा कोकणातून आलेले, वार लावून जेवायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे सात वार सात घरं, पुण्यात कितीतरी गरीब मुलं अशीच शिकली. युद्धात रेशनिंग आलं आणि धान्य मिळायला लागलं कार्डावरच्या माणसांपुरतं मोजून. घरच्या पोरांनाच पुरेना तर बाहेरच्याला कुठून वाढणार? एकेक वार सुटत गेला. एका माउलीनं दारातच सांगितलं की बाळा, गुरुवारचं आता जमणार नाही रे, आणि पदर डोळ्याला लावला. आजोबांनी तिला कधीच दोष दिला नाही. त्या दिवशी चणे-गूळ, नाहीतर नुसतं पाणी पिऊन लायब्ररीत. युद्धावर लिहिणारे सगळे मोर्च्यांचं आणि स्फोटांचं लिहितात, पण माझ्या मते आमच्याकडच्या विद्यार्थ्यांना युद्ध खरं कळलं ते या ताटावर.

*

आईच्या वर्गात १९४८ ला एक सिंधी मुलगी आली, घरचे पिंपरीच्या कॅम्पमध्ये राहायचे. सर्टिफिकेटं सगळी तिकडेच राहिलेली. आईनं तिला मराठी शिकवलं, तिनं आईला सिंधी कढी. मैत्री शेवटपर्यंत टिकली.

*

मी ६४ ची बॅच. चीनच्या युद्धानंतर ६३ पासून कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली, पहाटे परेड, हातात थ्री नॉट थ्री, खांदा सोलून निघायचा. ६५ ला शास्त्रीजींनी सांगितलं आणि आमच्या मेसमध्ये सोमवारी रात्री चूलच पेटायची नाही, कुणी कुरकुर केली नाही.

*

१९७१, मी हॉस्टेलला. ३ डिसेंबरनंतर ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग. सायरन झाला की टेकडी कुठली आणि आकाश कुठलं काही कळायचं नाही. माझ्या रूममेटचा मोठा भाऊ पश्चिम आघाडीवर होता. १६ तारखेला ढाक्याची बातमी आली, आख्खं हॉस्टेल खाली नाचत होतं, हाही नाचला. तीन दिवसांनी तार आली. रात्रीच्या गाडीनं गेला तो जानेवारीत परत आला, डोकं भादरलेलं. काय बोलावं ते मला सुचलं नाही, मी फक्त त्याची राहिलेली जर्नल्स रात्री बसून उतरवून काढली.

*

धागा मीच काढला होता. वर जेवणाचं लिहिणाऱ्या ताई, तुमचा प्रतिसाद वाचून वही परत काढली. प्रत्येक वारापुढे एकेक आडनाव आहे: गोखले, साने, केळकर. मी त्यांना प्रोफेसर समजत होतो. खोडलेत ते बुधवार आणि शनिवार. शनिवारच्या खाली पेन्सिलीनं बारीक लिहिलंय, 'दिवाळीनंतर विचारणे'.