विषय: भर जुलैत एसी बंद, वॉरंटीवाले म्हणतात पुढच्या मंगळवारी

मंडळी, सप्रेम नमस्कार.

काल दुपारी आमच्या इथल्या, ॲरिझोनातल्या चँडलरच्या घरातला एसी बंद पडला. बाहेरचं युनिट नुसतं घुंऽऽ करतंय, पंखा फिरत नाही. घरात ९४ डिग्री फॅरनहाइट. होम वॉरंटीचे, म्हणजे घरातलं काही बिघडलं तर दुरुस्त करून देणाऱ्या कंपनीचे, हप्ते वर्षानुवर्षं न चुकता भरतोय, आणि गरज पडली की हे असं. तासभर फोन धरायला लावून तारीख दिली पुढच्या मंगळवारची. सासूबाई पुण्याहून आल्यात, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, हे दोनदा सांगितलं. त्यावर उत्तर एकच, "नोंद घेतली आहे." रागाने डोकं फिरलंय. सध्या त्यांना जवळच टेंपी गावात मैत्रिणीकडे ठेवलंय. कुणाचा भरवशाचा एसीवाला असेल तर कृपया लगेच कळवा.

– चँडलरहून

---

वहिनी,

मंगळवारपर्यंत थांबू नका. वॉरंटी कंपनीला आत्ताच ईमेल करा: घरात वयस्कर माणूस आहे, तातडीने माणूस पाठवा, नाहीतर बाहेरून दुरुस्ती करून घेण्याची लेखी परवानगी द्या. फोनवरचं बोलणं नंतर कुणी कबूल करत नाही.

तुम्ही सांगताय त्यावरून बहुतेक कपॅसिटर, म्हणजे मोटर चालू करायला वीज साठवणारा छोटा डबा, गेलाय. आपल्याकडच्या उन्हात तो हमखास जातो. डोकं पुरीसारखं फुगलेलं दिसतं. स्वतः हात लावू नका, वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो. तंत्रज्ञाला मात्र त्याच्या क्षमतेचं (मायक्रोफॅरडमधलं) रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला सांगा. भाग साधा आहे, बहुतेकांच्या गाडीत असतोच, काम तासाभराचं.

आणि "तुमचा गॅस आता बंद झाला, अख्खं युनिट बदला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १ जानेवारी २०२५ पासून आर-४१०ए या थंडावा देणाऱ्या गॅसवर चालणारी घरगुती युनिटं नव्याने बनवायला बंदी आली, हे खरं. पण जुनी वापरायला, दुरुस्त करायला आणि त्यांत तो गॅस भरायला काहीच आडकाठी नाही. माझ्या शेजाऱ्यांना याच थापेवर हजारो डॉलरचं कोटेशन दिलं होतं. येणाऱ्याचं लायसन्स ॲरिझोनाच्या रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्स या सरकारी खात्याच्या साइटवर बघून घ्या.

माझ्या माणसाचा नंबर वेगळा पाठवतो.

– गिल्बर्टहून

---

काका, भाड्याच्या घरात काय करायचं? आम्ही चौघं फीनिक्समध्ये राहतो. मॅनेजर रोज "उद्या" म्हणतो.

---

बाळा, फीनिक्स शहराचा नियमच आहे: भाड्याच्या घरातला एसी ८२ डिग्री किंवा त्याखाली थंडावा देऊ शकला पाहिजे, कूलर असेल तर ८६. मॅनेजरला आजच लेखी नोटीस द्या, खोलीतल्या थर्मामीटरचा तारखेसह फोटो जोडा. ॲरिझोनाच्या भाडेकरू कायद्यानुसार, नोटीस देऊनही घरमालकाने थंडाव्याची सोय केली नाही तर दुसरीकडे राहता येतं आणि तेवढ्या दिवसांचं भाडं लागत नाही. पण नोटीस लेखीच हवी.

ही हौसेची गोष्ट नाही. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस पारा ११० किंवा त्याच्या वर होता, आणि त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ माणसं गेली. त्यांतली कितीतरी घरातच, एसी असून तो बंद पडलेला.

---

मंडळी,

कपॅसिटरच होता. गिल्बर्टच्या भाऊजींनी दिलेला माणूस आज सकाळी आला, ४५ मायक्रोफॅरडच्या जागी रीडिंग जेमतेम १२ निघालं. बिल वॉरंटी कंपनीला पाठवलंय, पैसे मिळेपर्यंत पिच्छा सोडणार नाही.

एक विनंती. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील नेमके मे ते ऑगस्टमध्येच येतात. माझी टेंपीला मैत्रीण होती म्हणून निभावलं. नवीन आलेल्यांनी कुठे जायचं? ज्यांच्याकडे एखादी खोली मोकळी असते त्यांनी मला गाव आणि फोन नंबर कळवा. यादी मी करते, रविवारी आपल्या मंडळाच्या समितीकडे देते.

– चँडलरहून