घरच्या अंगणात गाडीचे पार्ट काढणं-बसवणं: गोव्यातल्या मंडळींनी अनुभव लिहा

गंजका_नट (म्हापसा)

व्हिडिओत बघायला गेलं तर पुढचे ब्रेक पॅड बदलणं म्हणजे पोरखेळ. माणूस पाना लावतो, नट सुटतो, जुनं काढलं, नवं घातलं, संपलं. आपल्याकडे समुद्राची हवा, चार महिने पाऊस, वर लाल धूळ, त्यामुळे नवा पार्ट बसवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट जुना काढण्यात जातो आणि हे कुठल्याच व्हिडिओत नसतं. म्हणून हा धागा. कार, जीप, टेम्पो, ट्रक, जे असेल ते. घरी काय काढलंत, कसं सुटलं, कुठे हात टेकले ते लिहा. गॅरेजवाल्यांना शिव्या घालायच्या असतील तर कोणीतरी वेगळा धागा काढा, इथे नको.

सुरुवात मी करतो. अलॉय व्हील. सगळे नट काढले तरी चाक जागचं हलत नाही, हा प्रकार किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना माहीत असेल. चाक अॅल्युमिनियमचं, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) लोखंडाचा, मध्ये खारं पाणी, त्यातून पांढरट भुकटी धरते आणि चाक हबला घट्ट चिकटून बसतं. लोक सरळ लाथा घालतात. गाडी जॅकवर असताना लाथा घालायच्या नाहीत, गाडी अंगावर येईल. माझी पद्धत अशी की नट परत हाताने लावायचे पण दोन-तीन आटे ढिले ठेवायचे, गाडी खाली उतरवायची आणि अंगणातच फूटभर पुढे, फूटभर मागे करत हलकेच ब्रेक मारायचा. कट्ट असा आवाज आला की सुटलं. मग हबची कड तारेच्या ब्रशने घासून ग्रीसचा अगदी पातळ हात. पण फक्त हबला हां, स्टडच्या (नट ज्यावर चढतो त्या दांड्याच्या) आट्यांना नाही, तिथे ग्रीस लागलं की तेवढ्याच जोराने आवळलेला नट स्टडला जास्त ताणतो.

दिवाडकर

आमच्याकडे गॅरेजला जायचं म्हणजे आधी फेरीबोट. त्यामुळे बारीकसारीक कामं घरीच करायची सवय बाबांपासूनची. आणि गाडी गंजायचं कारणही तीच फेरीबोट. भरतीच्या वेळेला रॅम्पवर चढता-उतरता चाकाखाली खारं पाणी येतं ते थेट खालच्या पत्र्यावर आणि सायलेंसरवर उडतं, आणि रोज घरी येऊन गोड्या पाण्याने खालून धुणारे आम्ही नव्हे.

सायलेंसर बदलायचा होता. फ्लँजचे (दोन पाइप जोडणाऱ्या चकतीचे) बोल्ट म्हणजे बोल्ट कमी आणि गंजाचे गोळे जास्त, पाना धरायला कोपरेच उरले नव्हते. आदल्या संध्याकाळपासून तेल मारून ठेवलं. ते स्प्रेवालं तेल चालतं पण त्यापेक्षा ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अॅसिटोन निम्मं निम्मं हलवून लावा, आत जास्त मुरतं (पेटतं ते, बिडीवाल्यांनी लांब राहावं). सकाळी तारेच्या ब्रशने घासलं, परत तेल, मग पाना लावून आधी टाइट करायच्या दिशेला किंचित हलवला, मग उलटा. हे आधी टाइट करणं लोकांना पटत नाही पण गंज तिथेच फुटतो. एक सुटला, दुसरा तुटला. तुटला तर तुटू दे, फ्लँजचा बोल्ट आरपार असतो, ग्राइंडरने उडवून नवा घालता येतो. इंजिनच्या बाजूचा स्टड तुटला असता तर मात्र रडारड होती, म्हणून तिकडे मी जोर लावतच नाही.

सायलेंसर टांगणारे रबरी हँगर काढायला साबणाचं पाणी. तेल नको, रबर फुगतं.

आणि जुना सायलेंसर कापून बघितला तर आतूनच जास्त खाल्लेला. घर ते धक्का, धक्का ते घर एवढीच गाडी फिरली तर सायलेंसर नीट तापतच नाही, धुरातली वाफ आतच पाणी होऊन साचते.

टिपरवाला_डिचोली

कारवाल्यांनो, आमचंही ऐका जरा. मायनिंग २०१२ मध्ये बंद पडलं, मग कसंबसं सुरू झालं, मग सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून परत सगळं ठप्प. तेव्हा या पट्ट्यात ज्याच्या त्याच्या अंगणात टिपर (खनिज वाहणारे, मागची बॉडी उचलणारे ट्रक) उभे. आमचाही काजूच्या झाडाखाली. हप्ते चालूच, फिटरला द्यायला पैसे नाहीत, तर मी आणि शेजारचा ड्रायव्हर दादा दोघांनी मिळून जे जमेल ते स्वतः केलं. उभ्या ट्रकचं काय काय होतं ते चालवणाऱ्याला कळत नाही.

डिझेल टाकीत पाणी. टाकी अर्धी रिकामी ठेवली की आतल्या हवेतली ओल पाणी होऊन तळाला बसते, डिझेल वर तरंगतं. आधी खालचा प्लग काढून पाणी आणि गाळ सोडला, मग दोन्ही फिल्टर बदलले. फिल्टर बदलणं सोपं, पुढे एअर काढणं हे खरं काम. ब्लीड स्क्रू ढिला करायचा, हातपंप दाबत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल आलं की स्क्रू बंद. हे न करता सेल्फ मारत बसलात तर बॅटरी उतरेल पण ट्रक काय चालू होणार नाही.

ब्रेक लायनर ड्रमला चिकटलेले. चाकांना लाकडी ठोकळे लावून, अॅडजस्टर मागे फिरवून, ड्रमवर चारी बाजूंनी हातोडीने ठकठक करत फिरायचं, एकाच जागी घाव घालायचा नाही, ओतीव लोखंड आहे, चीर जाते.

पाटे (एक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंग) पण आम्हीच काढले, मागचे. एक्सलचं वजन जॅकवर, चॅसी ठोकळ्यांवर, मग यू-बोल्ट. यू-बोल्टचे नट पान्याने सुटले नाहीतच, पाइप घालून दोघांनी ओढले. आता एक लक्षात ठेवा, मधला सेंटर बोल्ट काढताना पाट्यांचा अख्खा गठ्ठा दाबलेला असतो, दोन बाजूंना शिकंजे लावल्याशिवाय तो नट सोडायचा नाही. आणि जुने यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत, एकदा ताणले गेले की ते कामाचे नाहीत, नवे घालून थोडी ट्रिप मारल्यावर परत आवळायचे.

आता जे घरी करायचं नाही ते. एअर ब्रेकच्या ट्रकला मागे तो डबल डब्यासारखा ब्रेक चेंबर असतो, त्याच्या मागच्या अर्ध्या भागात एक जबरदस्त स्प्रिंग दाबून भरलेली असते. हवा सोडली म्हणजे तो मोकळा झाला असं समजू नका, उलट हवा नसताना स्प्रिंगच ब्रेक धरते. त्याचा पट्टा कोणी उघडला तर झाकण बंदुकीच्या गोळीसारखं येतं. अख्खा चेंबर बदलायचा, उघडायचा नाही, आणि अख्खा बदलतानाही आधी केजिंग बोल्ट घालून स्प्रिंग बांधून घ्यायची. दुसरं, लॉक रिंगवाली डिस्क, म्हणजे टायर धरून ठेवायला वेगळी लोखंडी रिंग असलेलं चाक. ट्यूबमधली हवा व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण सोडल्याशिवाय रिंगला टॉमी (लोखंडी कांब) लावायची नाही. तिसरं म्हणजे टिपरची बॉडी वर उचलून खाली वाकणं. हायड्रॉलिकवर भरवसा नाही, टेकू पाहिजेच. आमच्या भागात याने माणसं गेलीत, जास्त लिहीत नाही.

फोंड्याची_मी

टिपरवाले दादा, भारी लिहिलंत. माझं त्यापुढे अगदी बारीक आहे पण बायकांनी पण लिहावं म्हणून लिहिते.

बॅटरी मी स्वतः बदलते. काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी. कारण साधं आहे, गाडीची अख्खी बॉडी मायनसला जोडलेली असते, तर प्लस सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर ठिणगी, मायनस आधीच काढला असेल तर काहीच होत नाही. टर्मिनलवर हिरवट पांढरं साचतं ते गरम पाणी आणि खायचा सोडा घालून धुवायचं, कोरडं करून वर थोडं व्हॅसलीन. जुनी बॅटरी दुकानात परत द्या, नवीचे पैसे कमी होतात.

दुसरं म्हणजे मे महिन्यात समोरच्या काचेखालची काळी जाळी उचलून बघा. आमच्याकडे गाडी आंब्याखाली असते, त्या जाळीखाली पानं आणि मोहोराचा कचरा कुजून पाणी जायची भोकं बुजलेली असतात. मग जूनमध्ये पाणी ब्लोअरमध्ये आणि तिथून पायाखालच्या कार्पेटात. लोक म्हणतात एसीचं पाणी गळतंय. त्याच वेळी ग्लोव्ह बॉक्स काढून मागचा केबिन फिल्टर पण बदला, पाना लागत नाही शक्यतो, दोन्ही बाजू आत दाबल्या की ग्लोव्ह बॉक्स खाली येतो. फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो तो बघून.

हेडलाइटचा बल्ब सासऱ्यांना न सांगता बदलला, काचेला बोट न लावता. त्यांना अजून वाटतं गॅरेजवाल्याने केलं.

पिवळी_पाटी (पेडणे)

मी टॅक्सी चालवतो, मोपा विमानतळावर. सीझनमध्ये गाडी गॅरेजला अर्धा दिवस उभी राहिली तर धंदा गेला, म्हणून ब्रेक पॅड रात्री घरीच. पैसे वाचतात हे खरं पण खरा फायदा वेळेचा.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे, खालचा बोल्ट काढून कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) वर उचलायचा. माझं सांगणं पिनांबद्दल आहे. पॅड एका बाजूला जास्त झिजलेला दिसला तर नुसते पॅड बदलून गप्प बसू नका, स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) गंजून अडकलेली असते, रबराची टोपी फाटून आत पाणी गेलेलं असतं. पिन काढून साफ करा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं पिवळं ग्रीस नको, रबर फुगून पिन परत अडकते. पिस्टन आत ढकलताना वरच्या बाटलीतलं ऑइल चढतं, सांडलं तर गाडीचा रंग खातं, आधीच थोडं काढून घ्या. आणि सगळं झाल्यावर गाडी सुरू करायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या हवेत तर पाणीच पाणी. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असतं तेव्हा कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, ओल धरली की तो आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हापशाच्या बाजारात फिरणाऱ्याला फरक कळत नाही. चोर्ला घाट भरल्या गाडीने उतरताना कळतो, पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून उघडी राहिलेली बाटली वापरायची नाही, कितीही भरलेली असली तरी.

गंजका_नट (म्हापसा)

पिवळी_पाटी, बरं लिहिलंस. जॅकचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मध्येच घुसतो. आपल्याकडे सर्रास जॅकच्या जोडीला चिरे (जांभा दगड) लावतात. चिरा भिंतीत ठीक, गाडीखाली नको. मऊ दगड तो, एका टोकावर वजन आलं की न सांगता फुटतो, भिजलेला असेल तर लवकरच. लाकडाचे जाड ठोकळे नाहीतर सरळ लोखंडी स्टँड घ्या. अंगण मातीचं असेल तर जॅकखाली फळी. आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवायचं, काही झालंच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

वाळपई_जीप

आजोबांची जुनी महिंद्र जीप अजून आहे आमच्याकडे. डाव्या चाकांचा एकही नट सुटेना, मोठा पाना, त्यावर पाइप, त्यावर दोन चुलतभाऊ. मग काका आले आणि म्हणाले स्टडचं टोक पुसून वाच. एल कोरलेला. डाव्या बाजूला उलटे आटे! आम्ही सगळे मिळून तो आवळत होतो. विलीसच्या (जुन्या अमेरिकन जीपच्या) जमान्यापासूनचा प्रकार, चाक पुढे फिरताना नट ढिला होऊ नये म्हणून. जुनी गाडी घेणाऱ्यांनी आधी टोकं बघा, स्टड मोडायची वेळ येणार नाही.

कुडचडेचा_बाब

टॉर्क रेंच (ठराविक जोरानेच आवळायचा पाना) वगैरे कोण वापरतं का खरंच? हाताला कळतं की.

टिपरवाला_डिचोली

@कुडचडेचा_बाब, चाकाच्या नटांना हाताला कळतं हे वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्या मेस्ताला (मिस्त्रीला). स्पार्क प्लग अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसतो, तिथे हाताला कळेपर्यंत आटे गेलेले असतात. रेंच नसेल तर निदान प्लग पूर्ण बोटांनी फिरवून बसवा, पाना फक्त शेवटी, आणि इंजिन थंड असताना.

फोंड्याची_मी

एक विचारायचं होतं, इंजिन ऑइल घरी बदलणारे जुनं ऑइल कुठे टाकतात? आमच्या शेजारचे माडाच्या मुळाशी ओततात, वाळवी जाते म्हणे. विहीर तिथून दहा पावलांवर.

दिवाडकर

ताई, त्यांना सांगा ओतू नका, चिऱ्याच्या जमिनीतून ते थेट विहिरीत उतरतं. आम्ही कॅनमध्ये भरून फेरीने पलीकडे नेतो, एक गॅरेजवाला ड्रममध्ये साठवतो आणि जमा करणाऱ्याला विकतो, तो नाही म्हणत नाही. फिल्टर पण उलटा ठेवून निथळून त्यातच.

कुडचडेचा_बाब

बरं पटलं रेंचचं. टाटा ४०७ टेम्पोच्या पुढच्या पाट्याचे बुश मडगावात कुठे मिळतील? दोन दुकानांत दिले ते ढिले बसतात.

टिपरवाला_डिचोली

ढिले बसतात म्हणजे बुश बरोबर असेल, पाट्याचा डोळाच (टोकाचं गोल भोक) झिजून मोठा झाला असेल. मोजून बघ. तसं असेल तर बुश शोधू नकोस, वरचा मुख्य पाटाच बदलावा लागेल. जुना काढून सोबत घेऊन जा, नुसतं तोंडी माप सांगून चुकीचा देतात.